बटण आहे, नाव नाही

संगणकाच्या पडद्यावरचं बटण आपल्याला दिसतं, म्हणून ते आहे. यंत्राचं तसं नाही. त्याला सांगावं लागतं, की बाबा रे, डाव्या काठापासून 640 ठिपके मोज, वरून 412 मोज, तिथे जा आणि दाब. यंत्र आज्ञाधारक. मोजतं, जातं, दाबतं. मग एके दिवशी कोणीतरी अक्षरांचा आकार अकराचा बारा करतो, बटण जरासं खाली सरकतं, आणि यंत्र त्याच निष्ठेने रिकाम्या जागेवर रात्रभर दाबत बसतं. सकाळी अहवाल येतो : सगळं नापास. सॉफ्टवेअर ठणठणीत असतं. चुकलेलं असतं ते मोजमाप.

लिनक्सवर चालणाऱ्या डेस्कटॉप सॉफ्टवेअरची परीक्षा यंत्राकडून घेववणं हा माझा धंदा. पुण्यात ऑटोमेशनवाले पोत्याने आहेत, पण त्यातले बहुतेक वेबसाइटी तपासतात. वेबवाल्याच्या हाताशी सेलेनियम असतं, शिकवायला व्हिडिओ असतात, अडलं तर शेजारच्या टेबलावर विचारायला माणूस असतो. मी शेजारच्या टेबलावर विचारलं, तर उलट प्रश्न येतो : "लिनक्सला डेस्कटॉप असतो?"

ठिपके मोजून कंटाळलेल्यांसाठी एक मार्ग फोटोचा आहे. ओपनसुसेवाल्यांचं ओपनक्यूए हे साधन पडद्याचा फोटो काढतं आणि जपून ठेवलेल्या जुन्या तुकड्यांशी ताडून बघतं. ऑपरेटिंग सिस्टिम बसवण्यापासूनचा सगळा प्रवास त्यात तपासता येतो, कारण फोटोला पडद्याखेरीज कशाचीच गरज नसते. पण थीम बदलली, फाँट बदलला, की जुने तुकडे काढा, नवे लावा. त्यातही एक माणूस जातोच.

आमचा मार्ग तिसरा. अंध माणसांसाठी बांधलेल्या रस्त्याने आम्ही जातो. तिकीट न काढता.

अंध माणूस संगणक वापरतो तो स्क्रीन रीडरने. लिनक्सवर त्याचं नाव ऑर्का. आता ऑर्काला पडद्यावरचं काय आहे ते कळावं कसं? त्याला फोटो काढून उपयोग नाही आणि ठिपके मोजून तर नाहीच नाही. म्हणून प्रत्येक सॉफ्टवेअरने आपल्या पोटातल्या सगळ्या गोष्टींचं एक झाड मांडून दाखवायचं, असा करार आहे. खिडकी, तिच्या पोटात मेनू, मेनूच्या पोटात बाबी, शेजारी बटणं. प्रत्येकाने आपलं काम, आपलं नाव आणि सध्याची अवस्था सांगायची. मी बटण, माझं नाव 'सेव्ह', मी सध्या दाबण्याजोगं. या कराराला एटी-एसपीआय म्हणतात. बटण कुठे आहे हा यात दुय्यम प्रश्न. बटण कोण आहे, हा मुख्य.

हा करार काही निव्वळ भूतदयेतून झाला नाही. 1998 साली अमेरिकेने आपल्या पुनर्वसन कायद्यातलं 508 क्रमांकाचं कलम कडक केलं आणि 2001 पासून ते सरकारी खरेदीला लागू झालं. केंद्र सरकारच्या खात्यांनी विकत घ्यायचं सॉफ्टवेअर अपंग कर्मचाऱ्यांनाही वापरता आलं पाहिजे, असा त्याचा मथितार्थ. सन मायक्रोसिस्टिम्सला आपल्या मशीनांवर ग्नोम डेस्कटॉप द्यायचा होता, आणि सरकारसारखं गिऱ्हाईक कोण सोडतो? त्यांनी इंजिनिअर कामाला लावले, आणि 2002 साली आलेल्या ग्नोम 2 मध्ये ही यंत्रणा बसली. टेंडरच्या अटीतून इतकी उपयोगी वस्तू निघाल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

यंत्रणा बसली, आणि लगेच आमच्या जमातीच्या लक्षात आलं, की अरे, पडदा न बघता बटण शोधणारा माणूस आणि पडदा न बघता बटण शोधणारी टेस्ट यांची गरज एकच आहे. काही वर्षांतच रेड हॅटमधल्या मंडळींनी पायथनमध्ये डॉगटेल लिहिलं. त्याच सुमारास लिनक्स डेस्कटॉप टेस्टिंग प्रोजेक्ट, म्हणजे एलडीटीपी, आलं. पुढे केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपवाल्यांनी वेबवाल्यांचं सेलेनियम आणि मोबाइलवाल्यांचं ॲपियम आणून याच झाडाला जोडलं. साधनं वेगळी, झाड तेच. कागदावर हे इतकं सरळ दिसतं, की मॅनेजरने ते पहिल्या तिमाहीच्या नियोजनात एका ओळीत बसवलं होतं : 'ॲक्सेसिबिलिटी-आधारित टेस्टिंग उभारणे.'

त्या एका ओळीचं पुढे काय होतं ते सांगतो.

झाड आपोआप दिसत नाही. सॉफ्टवेअरं एकमेकांशी बोलतात ती डी-बस नावाच्या निरोप्यामार्फत. ॲक्सेसिबिलिटीचे निरोप फार, म्हणून त्यांच्यासाठी वेगळी बस. ती सुरू करणारा वेगळा प्रोग्राम, तिच्यावर कोण कोण आलंय याची नोंदवही ठेवणारा आणखी वेगळा. हे सगळे उठून बसल्यावर मग तुमचं सॉफ्टवेअर उठायला हवं. ते आधी उठलं, तर ते आयुष्यभर गप्प राहण्याची शक्यता असते. क्यूटी नावाच्या तयार साहित्यावर बांधलेलं सॉफ्टवेअर तर मागितल्याशिवाय तोंडच उघडत नाही. झाड सांभाळायला मेमरी लागते, वेळ लागतो. ऐकणारं कोणी नसताना बोलायचं कशाला, असं त्याचं म्हणणं, आणि ते रास्त आहे. त्यासाठी 'क्यूटी लिनक्स ॲक्सेसिबिलिटी ऑलवेज ऑन' एवढ्या लांब नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहे. त्याला एक द्यायचा. क्रोमियमच्या पोटातून जन्मलेल्या सॉफ्टवेअरांना वेगळा फ्लॅग. ग्नोमची वेगळी सेटिंग. प्रत्येकाची मनधरणी स्वतंत्र.

त्यात आमच्या टेस्ट चालतात सर्व्हरवर, आणि सर्व्हरला पडदा नसतो. मग एक्सव्हीएफबी नावाचा खोटा पडदा उभा करायचा. तो फक्त मेमरीत असतो. उभा करणारी जी तयार स्क्रिप्ट आहे, ती सवयीने त्याला 99 क्रमांक देते. जगभरच्या सर्व्हरांवर या घटकेला 99 क्रमांकाच्या असंख्य पडद्यांवर खिडक्या उघडतायत, मेनू खाली येतायत, कॅल्क्युलेटर बेरजा करतायत, आणि ते पाहायला कोणी नाही. वेदान्तावर बोलणाऱ्यांनी एकदा आमच्या सर्व्हर रूममध्ये यावं.

आणि यातलं काहीही जमलं नाही, की ती सूचना येते. लिनक्सवर ग्राफिक सॉफ्टवेअर चालवलेल्या प्रत्येकाने ती टर्मिनलमध्ये कधी ना कधी पाहिलेली आहे. ॲक्सेसिबिलिटीच्या बसवर नोंदणी झाली नाही, उत्तर आलं नाही, असं सांगून ती संभाव्य कारणं देते. एक, समोरच्याने उत्तर पाठवलं नसेल. दोन, सुरक्षा धोरणाने अडवलं असेल. तीन, उत्तराची मुदत संपली असेल. चार, संपर्क तुटला असेल. उत्तर न येण्याचं पहिलंच कारण 'उत्तर पाठवलं नसेल' हे लिहिणाऱ्या माणसाला मला एकदा भेटायचं आहे. रागाने नव्हे. आदराने.

या सूचनेवर एक रामबाण उपाय कर्णोपकर्णी चालत आलेला आहे : 'नो अंडरस्कोर एटी अंडरस्कोर ब्रिज' या व्हेरिएबलला एक द्या. दिला, की सूचना बंद. का? तर ज्या पुलाबद्दल सूचना होती, तो पूलच जोडला जात नाही, म्हणून. लोक हे सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये टाकून ठेवतात आणि विसरतात. आमच्या स्क्रिप्टमध्येही ते निघालं. कोणी टाकलं याचा शोध घेतला, तेव्हा नोंदीत एवढंच लिहिलेलं होतं : 'किरकोळ सफाई.'

एवढं करून झाड दिसू लागलं, की ॲक्सरसायझर उघडायचं. हे झाड बघण्याचं साधन. डावीकडे सगळ्या चालू सॉफ्टवेअरांची यादी, एकावर टिचकी मारली की त्याच्या फांद्या, फांदीवर टिचकी मारली की पडद्यावर ती वस्तू क्षणभर उजळते. पहिल्यांदा बघणाऱ्याला फार मौज वाटते. मग तो फांद्या वाचायला लागतो. चौकटीच्या पोटात 'फिलर'. त्याच्या पोटात 'फिलर'. त्याच्या पोटात 'पॅनेल', त्याच्या पोटात पुन्हा 'फिलर', आणि अगदी तळाशी, कोणाच्या लक्षात येणार नाही अशा ठिकाणी, बटण. ग्नोमची सॉफ्टवेअरं ज्यावर बांधतात त्या जीटीकेच्या जुन्या आवृत्तीत वस्तू रचायला वापरलेला प्रत्येक अदृश्य खोका झाडात फिलर म्हणून उतरतो. डेव्हलपरने किती वेळा 'आणखी एक खोका घालून बघू' म्हटलं, त्याचा पंचनामाच तो.

आणि ते बटण. काम : बटण. अवस्था : दाबण्याजोगं. नाव : कोरं.

याच्या पुढे माझा निम्मा धंदा आहे. बटणावर अक्षरं असतील, तर ती त्याचं नाव म्हणून आपसूक लागतात. पण हल्ली अक्षरं कोण लिहितो? बटणावर चित्र असतं. फ्लॉपीचं चित्र, जे आता पुढच्या पिढीला कोणी समजावूनही सांगत नाही. तीन आडव्या रेघा. तीन उभे ठिपके. एक दातेरी चाक. चित्राला नाव आपोआप लागत नाही, ते कोणीतरी द्यावं लागतं. एका ओळीचं काम. पण बटण जन्माला घालून डेव्हलपर पुढच्या बटणाकडे गेलेला असतो, आणि ते बिचारं बारसं न झालेल्या पोरासारखं वर्षानुवर्षं नुसतं 'बाळ' म्हणून वावरत असतं.

"याला नाव नाही," मी डेव्हलपरला दाखवलं.

"फ्लॉपी आहे ना तिथे. दिसत नाही का?"

"मला दिसतं. टेस्टला दिसत नाही."

"मग टेस्टमध्ये काहीतरी कर ना!"

टेस्टमध्ये काय करता येतं? 'तिसऱ्या पॅनेलच्या पोटातलं तिसरं बटण' असं सांगता येतं. म्हणजे ठिपके मोजायचे सोडून आता बटणं मोजायची. मी तसंच लिहिलं, आणि त्याच्या वर टीप लिहिली की हे तात्पुरतं आहे. सॉफ्टवेअरच्या जगात टिकाऊ म्हणून काही असेल, तर ते 'तात्पुरतं' या टिपेखालचं काम.

नावं असली, तरी सुख असतंच असं नाही. 'सेव्ह ॲज' या मेनूपुढे तीन टिंबं असतात. मी टेस्टमध्ये तीन टिंबं टाइप केली. सापडलं नाही. स्पेलिंग तपासलं, मोठी-लहान अक्षरं तपासली, चष्मा पुसला. मेनूवर ती तीन टिंबं नव्हतीच. तीन टिंबांचं मिळून एक स्वतंत्र अक्षर असतं युनिकोडमध्ये, ते होतं. कॅल्क्युलेटरमधली वजाबाकी त्याहून नाठाळ. कीबोर्डवरची आडवी रेघ हा एक संकेत, गणितातलं वजाचं चिन्ह हा दुसरा, आणि दोन्ही पडद्यावर जुळ्या बहिणी. डोळ्यांनी बघणारा माणूस आयुष्यभर यात फरक करणार नाही. टेस्ट मात्र एकीला ओळखते आणि दुसरीला दारातून परत पाठवते.

मग भाषा. आमच्या एका सहकाऱ्याने हौसेने आपला डेस्कटॉप मराठी करून घेतला होता. त्याच्या मशीनवर 'सेव्ह' नावाचं बटण औषधालासुद्धा सापडेना, कारण तिथे सगळी बटणं शुद्ध मराठीत उभी होती. डॉगटेलने यावर इलाज काढलेला आहे : सॉफ्टवेअरच्या भाषांतराच्या फाइली वाचायच्या आणि इंग्रजी नावावरून स्थानिक नाव हुडकायचं. इलाज चांगला आहे. पण प्रत्यक्षात सगळ्या कंपन्या करतात ते सोपं : घरी बोला काय ते, परीक्षेला बसताना इंग्रजी माध्यम.

अवस्थांचं प्रकरण जरा तत्त्वज्ञानाकडे झुकतं. या करारात एखादी वस्तू 'दृश्य' असू शकते आणि तरीही 'दिसत' नसू शकते. दृश्य म्हणजे तिला कोणी लपवलेलं नाही. दिसणं म्हणजे ती आणि तिचे सगळे पूर्वज खरोखर या क्षणी पडद्यावर आहेत. मिटलेल्या टॅबमधलं बटण दृश्य आहे, दिसत नाही. नवीन मुलांना मी हे समजावतो, तेव्हा ती माझ्याकडे ज्या नजरेने बघतात त्या नजरेलाही एखादी अवस्था असायला हवी. आणखी एक अवस्था आहे 'डिफंक्ट', म्हणजे गतप्राण. तुम्ही बटण शोधलंत, हातात धरलंत, आणि दाबणार तेवढ्यात खिडकी बंद झाली. मग निरोप येतो, की हे ॲप्लिकेशन आता अस्तित्वात नाही. बऱ्याचदा ते समोर धडधडीत चालू असतं. गेलेली असते ती फक्त आपल्या हातातली जुनी फांदी.

या सगळ्यावर धंद्यातला सार्वत्रिक तोडगा म्हणजे 'स्लीप'. खिडकी उघडायला सांगा आणि पाच सेकंद झोपा. न जमल्यास दहा. डॉगटेल यात जरा सभ्य आहे. वस्तू सापडली नाही, तर अर्ध्या सेकंदाने पुन्हा बघतं, पुन्हा बघतं, असं मूळ सेटिंगप्रमाणे वीस वेळा करून मगच हात टेकतं. एवढी चिकाटी माणसात असती, तर आमच्या घरातल्या चाव्या हरवल्या नसत्या. पण लोकांचा विश्वास झोपेवरच. मी वारशाने मिळालेल्या एका टेस्टमध्ये तीस सेकंदांची स्लीप पाहिली आहे. तिच्याशेजारी लिहिलं होतं : 'काढू नये.' कारण दिलेलं नव्हतं. मीही काढलेली नाही.

हे सगळं जमत आलं, तेवढ्यात वेलँड आलं, खिडक्या पडद्यावर आणणारी नवी व्यवस्था. म्हणजे ते 2008 पासून येतच होतं, फेडोराने 2016 साली ते घरातही घेतलं, पण आमच्या दारात ते उशिरा उभं राहिलं. जुन्या एक्स 11 मध्ये कोणीही कोणाच्याही खिडकीत डोकवावं, कोणीही कोणाच्या वतीने कळ दाबावी, असा मोकळा कारभार होता. सुरक्षेच्या दृष्टीने भयंकर. टेस्टिंगच्या दृष्टीने स्वर्ग. वेलँडने दारं लावली. तिथे एका सॉफ्टवेअरला दुसऱ्याच्या कीबोर्डला हात लावता येत नाही. इतकंच काय, खिडकीला आपण पडद्यावर कुठे आहोत हेच माहीत नसतं. 'बटण कुठे आहे?' असं झाडाला विचारलं, की कधी 'शून्य, शून्य' असं उत्तर येतं, तर कधी खिडकीपुरतंच मोजून दिलेलं. शून्य-शून्य म्हणजे डावा-वरचा कोपरा. सगळी बटणं एकाच कोपऱ्यात एकमेकांच्या डोक्यावर. डॉगटेलवाल्यांनी त्यावर ग्नोम पोनीटेल डीमन नावाचा मध्यस्थ गाठला, जो ग्नोमकडूनच खिडकीचा पत्ता काढून आणतो. कुत्र्याचं शेपूट पुरेना, तेव्हा घोड्याचं आणलं.

बरं, पत्ता न विचारताही बटण दाबता येतं. झाडातल्या बटणालाच थेट सांगायचं : तू दाबलं गेलंस असं समज. ते समजतं. ही सोय मला सगळ्यात जास्त आवडते आणि सगळ्यात कमी भरवशाची वाटते. कारण बटणावर दुसरी खिडकी पसरलेली असो, बटण पडद्याच्या बाहेर अर्धं लोंबत असो, त्यावरचा रंग पार्श्वभूमीत विरघळून गेलेला असो, टेस्ट पास होते. माणसाला जे दाबता येणं शक्य नाही ते टेस्ट रोज पहाटे दाबते, आणि हिरव्या अक्षरात अहवाल देते. डोळस माणसाचा असा विसर पडलेला बघून कधी कधी वाटतं, फिटंफाट झाली.

आता खजिनदार काकांबद्दल.

आमच्या सोसायटीचे खजिनदार पूर्ण अंध आहेत. बँकेत नोकरी झाली. निवृत्त झाल्यावर सोसायटीचे हिशेब त्यांच्या गळ्यात पडले, कारण बाकीचे डोळस सभासद हिशेबाकडे बघायला तयार नव्हते. काका लिनक्स वापरतात, ऑर्का वापरतात, आणि आमच्याच कंपनीचं हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरतात. ऑर्काचा आवाज त्यांनी एवढ्या वेगावर ठेवलाय, की मला पहिल्यांदा वाटलं स्पीकर बिघडला.

"काका, हे काय बोलतंय?"

"मेंटेनन्सची यादी. बी विंगमधून तिघांचे यायचेत." थोडं थांबून म्हणाले, "त्यात तू एक."

मग त्यांनी आमचं सॉफ्टवेअर दाखवलं. टॅब दाबला. ऑर्का म्हणालं, "बटन." टॅब. "बटन." टॅब. "बटन." टॅब. "बटन."

"यातलं सेव्ह कुठलं?"

"तिसरं."

"आणि चौथं?"

"चौथं एकदा दाबलं होतं. नंतर वार्षिक सभेत उभं राहून खुलासा करावा लागला."

काकांनी कंपनीला रीतसर मेल पाठवलेला होता. बटणांना नावं द्या, ही विनंती. तिकीट उघडलं गेलं होतं, त्यावर 'लो प्रायॉरिटी' असा शिक्का होता आणि त्याखाली कोणीतरी विचारलं होतं, की हे किती ग्राहकांना लागतं. त्या प्रश्नाला उत्तर आलेलं नव्हतं. संभाव्य कारणं चार.

पुढच्या आवृत्तीत डिझायनरच्या लक्षात आलं, की पहिलं बटण फारसं कोणी वापरत नाही. ते काढलं. पडदा मोकळा झाला, सगळ्यांना आवडला. आता तिसरं बटण म्हणजे डिलीट. त्या रात्री माझ्या टेस्टने 'तिसऱ्या पॅनेलच्या पोटातलं तिसरं बटण' दाबलं आणि चाचणीचा अख्खा हिशेब पुसून नापास झाली. आवृत्ती बाहेर गेल्यावर काकांनीही तिसरं बटण दाबलं. त्यांच्याकडे ब्रेलमध्ये लिहिलेली वही होती, म्हणून सोसायटी वाचली.

टेस्टकडे वही नव्हती, पण टेस्टचं वजन वेगळं. नापास टेस्टमुळे पुढचं बिल्ड अडलं, बिल्ड अडल्यामुळे लाल दिवा लागला, आणि लाल दिवा दिसल्याबरोबर ज्या तिकिटाकडे कोणी ढुंकून बघितलं नव्हतं, ते त्याच दुपारी तीन माणसांनी उघडलं. मला याचं वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर मला लाल दिव्याबद्दल एकदम आत्मीयता वाटली. माणूस बोलतोय तोवर ती तक्रार, आणि तेच मशीन बोललं की अडथळा. मग यापुढे काकांच्या तक्रारी मशीनच्या तोंडून का सांगू नयेत?

डेव्हलपरने बटणांना नावं दिली. टेस्ट नावाने बटण शोधू लागली, दिवा हिरवा झाला. संध्याकाळी काकांचा फोन.

"अरे, ते आता 'बी टी एन अंडरस्कोर सेव्ह अंडरस्कोर टू' असं म्हणतंय."

"काका, ते..."

"टू कळलं. वन कुठे ठेवलंय?"

डेव्हलपरने टेस्टला हवं म्हणून नाव दिलं होतं, आणि टेस्टला काय, काहीही चालतं. खरं तर यंत्रासाठी वेगळी ओळख ठेवायची सोय या करारात आहे. ती आयडीच्या जागी जाते आणि ऑर्का ती एरवी उच्चारत नाही. माणसाने ऐकायचं नाव वेगळ्या जागी. दोन ओळींचं काम. मी डेव्हलपरला ऑर्का लावून दिलं, हेडफोन कानावर घातला आणि पडदा बंद केला. त्याने टॅब दाबला, ऐकलं, आणखी एकदा दाबला. मग काही न बोलता कोड उघडला. त्याच मधल्या काळात आमच्या लायब्ररीची नवी आवृत्ती आली, तिच्यात 'पुश बटन' या कामाचं नुसतं 'बटन' झालेलं होतं, आणि सगळ्या टेस्ट पुन्हा कोसळल्या. पण ते रोजचंच.

नवी आवृत्ती उत्तम झाली. बटणं 'जतन', 'काढून टाका', 'छापा' अशी स्वच्छ बोलू लागली. डेव्हलपर भलताच पेटला होता. त्याने एकाही वस्तूला अनाथ ठेवलं नाही. मेनूंना नावं, खोक्यांना नावं, दोन बटणांच्या मधल्या रेघेला नाव, आणि वरच्या पट्टीतल्या बोधचिन्हाला तर एक पूर्ण वाक्य.

"छान झालंय," काका म्हणाले. "फक्त ती रेघ."

"कोणती रेघ?"

"जतन म्हणतं, मग 'सजावटीची उभी रेघ' म्हणतं, मग काढून टाका. प्रत्येक वेळी. शिवाय सुरुवातीला 'निळ्या पार्श्वभूमीवरील पांढरे बोधचिन्ह'. मला निळा म्हणजे काय ते जन्मापासून माहीत नाही, आणि आता दिवसातून चाळीस वेळा ऐकतोय. त्यांना गप्प करता येईल का?"

करता येतं. शोभेची वस्तू आहे असं सांगितलं, की ती झाडातून वगळली जाते आणि ऑर्का तिच्याकडे दुर्लक्ष करतं. तिकीट उघडलं आहे. त्यावर शिक्का बसलाय तो 'लो प्रायॉरिटी' हाच, म्हणून मी एक नवी टेस्ट लिहायला घेतली आहे. ती झाडात रेघ शोधते, वीस वेळा शोधते, आणि सापडली तर नापास होते.